माझ्या दाढेचा लिलाव

आमच्या घरमालकांच्या मनगटावर घड्याळ होतं, ते चांगलं चालायचं, आणि तरीही ते रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला थांबवून वेळ विचारायचे. मग आणखी एकाला थांबवायचे. दोघांच्या वेळेत थोडा फरक निघाला की त्यांचा चेहरा खुलायचा. "बघा," म्हणायचे, "एकाच्याच भरवशावर राहिलो असतो तर फसलो असतो." त्यांना कोण फसवणार होतं आणि त्या मिनिटभरात त्यांचं काय जाणार होतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या प्रश्नावरही त्यांनी आणखी दोघांचं मत घेतलं असतं.

नव्वदच्या दशकात लग्न करून मी वसमतला आले. माझं माहेर साताऱ्याकडचं. यजमान साखर कारखान्यात नोकरीला होते आणि मला गावातल्याच एका शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली. या गृहस्थांच्या माडीवरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा, म्हणून आम्हीही मामा म्हणू लागलो. त्यांची बायको अर्थातच मामी. मामांनी सगळी हयात मोंढ्यात, म्हणजे तिकडच्या बाजारपेठेत, हळदीची आडत चालवण्यात घालवली होती. शेतकऱ्यांनी आणलेल्या हळदीचे ढीग लावायचे, व्यापाऱ्यांना ढिगाभोवती गोळा करायचं आणि बोली वाढवत न्यायची, हे त्यांचं काम. मी आले तेव्हा त्यांनी आडत मुलाच्या हवाली केली होती. ते मोंढ्यातून बाहेर पडले होते, पण मोंढा त्यांच्यातून बाहेर पडला नव्हता.

"पयली बोली म्हणजे बोली नसते," ते सांगायचे. "व्यापारी नुसता घसा साफ करून राहिलेला असतो."

हा नियम त्यांनी हळदीपुरता ठेवला असता तर काही अडचण नव्हती. पण तो त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींना लावला होता. नांदेडला जायचं असलं की आधी चौकशीच्या खिडकीवर विचारायचे, मग कंडक्टरला, मग गाडीत आधीच बसलेल्या एखाद्या प्रवाशाला. एकदा त्यांनी इतक्या गंभीर चेहऱ्यानं विचारलं, की खिडकीशी बसलेल्या बाईला स्वतःचाच संशय आला आणि ती दोन लेकरं आणि तीन बोचकी घेऊन खाली उतरली. गाडी नांदेडचीच होती. मामा तिच्या जागेवर बसून गेले आणि बाई वसमतच्या स्टँडवर राहिली.

पुढं परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तर कहरच. पेपरात आलं, रेडिओवर आलं, गावात पेढे वाटले. मामांनी पोस्टमनला विचारलं, मग तलाठ्याला, मग कळमनुरीहून आलेल्या पाहुण्याला. तिघांनीही हिंगोलीच सांगितलं तेव्हा ते जास्तच सावध झाले. त्यानंतर कितीतरी दिवस ते पाकिटावर परभणी जिल्हाच लिहीत. "तिघं एकच सांगून राहिले म्हणजे आधी आपसात बोललेले हायेत," असं त्यांचं म्हणणं. मोंढ्यातले सगळे व्यापारी एकच भाव बोलले तर ती मिलीभगत असते, हा त्यांचा दुसरा नियम. म्हणजे लोकांची मतं वेगळी आली तर कुणीतरी चुकतंय, आणि सारखी आली तर सगळे मिळून फसवताहेत. या दोन नियमांच्या मध्ये मामा आयुष्यभर फार आनंदात राहिले.

मामींचं आयुष्य मात्र त्या मधल्या जागेत गेलं. रोज जेवताना वरणाची वाटी पुढ्यात आली की मामा एक घोट घ्यायचे आणि विचारात पडायचे. "मीठ बराबर हाय का वो?" मग ते मला माडीवरून खाली बोलवायचे. मी चाखायची. मग शेजारच्या काकूंना हाक जायची. काकू हात पुसत येईपर्यंत वरण गार झालेलं असायचं आणि मग ते गार का झालं यावर चर्चा व्हायची. मामी या सगळ्याकडं शांतपणे बघत भाकरी थापत. फार बोलायच्या नाहीत, पण एकदा मला म्हणाल्या, "यांना पयली दाखवलेली पोरगी मीच. मला बघून गेले, मग आणखी दोन पोरी बघितल्या आन् फिरून माझ्याकडंच आले. तवर माझ्या बापानं दुसरं स्थळ बघून ठिवलं व्हतं. हे दारात येऊन बसले, उठनातच." मी विचारलं, मग? "मग काय, बापानं मला इचारलं. मी म्हणलं, ह्यो बसलेलाच बरा."

मामांचा एक दात मात्र सांगायलाच हवा. वरच्या ओळीतला, पुढचा. मी राहायला गेले तेव्हाच तो हलत होता. मामा बोलायला लागले की तो आत-बाहेर व्हायचा आणि काही अक्षरांवर बारीक शिट्टी वाजायची. रागावले की जास्त वाजायची. भाकरीचा कडक पोपडा ते डाव्या हातानं बाजूला ठेवायचे. त्या दाताबद्दल त्यांनी गावातल्या सगळ्यांची मतं घेतली होती आणि सगळ्यांनी काढून टाका असंच सांगितलं होतं, त्यामुळं तो अजून तोंडात होता.

मला दिवस गेले तेव्हाची गोष्ट. त्याआधी एकदा माझं बाळ पोटातच गेलं होतं. त्यामुळं या खेपेला मी जिना उतरतानाही भिंतीला धरून उतरायची, खोकला आला तरी घाबरायची. पाचवा महिना लागला आणि डाव्या बाजूच्या दाढा दुखायला लागल्या. आधी नुसत्या ठणकत होत्या, मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग गाल सुजला. वर्गात मी गालावर पदर धरून कविता शिकवायची. पोरांना वाटायचं, कवितेमुळंच बाईंना रडू येतंय.

आमच्या यजमानांची गाळपाच्या हंगामातली पाळी होती, त्यांना सुट्टी मिळेना. म्हणून मामाच मला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. गावात नुकताच एका तरुण डॉक्टरानं दवाखाना थाटला होता. पायानं दाबलं की वर-खाली होणारी नवी कोरी खुर्ची होती आणि डॉक्टर कौतुकानं ती उगाचच एकदा वर आणि एकदा खाली करून दाखवत. त्यांनी माझ्या तोंडात आरसा घातला, इकडंतिकडं टोचून बघितलं आणि म्हणाले, "तीन दाढा काढाव्या लागतील. एकदमच काढून टाकू उद्या. बाळ झाल्यावर तुम्हाला कुठला वेळ मिळणार?"

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मी मान हलवणारीच बाई होते. मुख्याध्यापक काही म्हणाले, मान हलवायची. सासूबाई काही म्हणाल्या, मान हलवायची. समोरचा माणूस शिकलेला असला आणि ठासून बोलला, की माझी मान आपोआप हलायची. मनात मात्र एकच चाललं होतं. तीन दाढा, ते इंजेक्शन, ते रक्त, आणि पोटात बाळ.

"डागदरसाहेब," मागून मामांचा आवाज आला. "तीन काहून?"

"खराब झाल्यात."

"वरून दिसून राहिल्या का आतून?"

"दिसतंय ना मला."

"तसं न्हाई. हळकुंड वरून पिवळंच असतंय. मोडून बघितल्याबिगर आतला रंग कळत न्हाई."

"मामा, दाढ मोडून बघता येत नाही."

"म्हणूनच म्हणून राहिलो," मामा समजुतीच्या सुरात म्हणाले, "की अजून एक-दोघांना दाखवतो. राग मानू नका. तुमची बोली ध्यानात ठिवतो."

"ही बोली नाही हो, उपचार आहे," डॉक्टर म्हणाले. पण मामा तोवर नव्या खुर्चीत बसले होते. आलोच हाय तर माझाबी एक दात बघून टाका, असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी बोट लावलं, दात डोलला. हा काढायलाच हवा, डॉक्टर म्हणाले. मामांनी तोंड मिटलं आणि खुर्चीवरून उतरले. "हीबी पयलीच बोली."

घरी आल्यावर गल्लीनं आपापली मतं दिली. सासूबाईंचा मामांच्या फोनवर फोन आला, की अशा दिवसांत तोंडाला शस्त्र लागता कामा नये. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोटुशी असताना दात काढला तर लेकरू बिनदाताचं जन्माला येतं. मी म्हटलं, काकू, लेकरू बिनदाताचंच जन्माला येतं. काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "तेच तर." मामींनी नुसती लवंग आणून दिली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या सगळ्या मतांत मला तेवढंच बरं वाटलं.

दुसरी बोली आखाडा बाळापूरला लागली. तिथं आठवडी बाजाराच्या दिवशी एक म्हातारे दातांचे डॉक्टर बसत. जाताना बसमध्ये मामांनी मला शिकवून ठेवलं. "आधीच्यानं काय सांगितलं ते सांगायचं न्हाई. एका व्यापाऱ्याला दुसऱ्याचा भाव कळला की तो मालाकडं बघतच न्हाई, त्या भावाकडं बघून बोलतो."

"आणि त्यांनी विचारलंच तर?"

"तोंड उघडून बसा. उघड्या तोंडानं कुणाला बोलता येत न्हाई."

बियाण्यांच्या दुकानामागं एका खोलीत डॉक्टर बसले होते. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, पोटाकडं बघितलं. "कितवा?" मी पाच बोटं दाखवली. "मग घरी जा. दोन जीवांच्या बाईच्या तोंडाला मी हात लावत नसतो. मीठपाण्याच्या गुळण्या करायच्या. बाळंत झाल्यावर या."

"पण फार दुखतंय," मी मामांचा नियम मोडून म्हणाले.

"दुखतच असतं."

मग मामांनी आपला दात पुढं केला. डॉक्टर एकदम ताजेतवाने झाले. "हा मात्र काढाच. बसा, आत्ताच काढतो," म्हणून त्यांनी पक्कड उचलली. मामा इतक्या झटकन उठले की त्यांची एक चप्पल आतच राहिली आणि ती मला आणावी लागली.

बाळापूरच्या स्टँडवर मला रडू कोसळलं. भरल्या बाजारात, माणसांच्या गर्दीत, मी पदर तोंडाला लावून रडले. एक म्हणतो तीन काढा, एक म्हणतो एकही नको. काढल्या आणि बाळाला काही झालं तर? नाही काढल्या आणि ही सूज वाढून बाळाला काही झालं तर? मागच्या वेळी मी सगळ्यांचं सगळं ऐकलं होतं आणि तरी बाळ गेलं होतं. कुणाचं ऐकायचं हे मला कळेनासंच झालं होतं.

मामांना रडणाऱ्या माणसाची सवय नव्हती. ते गडबडले. मला चावता येत नाही म्हणून केळी आणायला गेले आणि तीन गाड्यांवर जाऊन कुणाची केळी जास्त मऊ ते दाबून बघत बसले. तिसऱ्या गाडीवाल्यानं त्यांना शिव्या घातल्या तेव्हा एक केळं घेऊन परत आले. माझ्या शेजारी बाकावर बसले आणि केळं सोलून माझ्या हातात दिलं.

"बाई," ते म्हणाले, "एकानं दाढच बघितली, पोट बघितलं न्हाई. ह्यानं पोटच बघितलं, दाढ बघितली न्हाई. दोन्ही बघणारं माणूस गाठू. अजून बीट संपलं न्हाई." बीट म्हणजे मोंढ्यातला लिलाव.

माझ्या दाढेचा लिलाव चालला आहे, हे मला तेव्हा कुठं नीट लक्षात आलं. हसू आलं, आणि हसताना दाढेतून अशी कळ गेली की परत रडू आलं.

तिसरी बोली नांदेडला. तिथं दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं मोठ्या, बोलायला शांत. त्यांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं, कितवा महिना, आधी काय झालं होतं, बाळंतपणासाठी नाव कुठं घातलं आहे, सगळं विचारलं. मागचं बाळ गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तोंड बघितलं. एकेका दाढेवर हलकेच ठोकलं. शेवटच्या दाढेवर ठोकलं तेव्हा मी खुर्चीतून उडाले.

"या दिवसांत बऱ्याच बायकांच्या हिरड्या अशा सुजतात," त्या म्हणाल्या. "या दोन दाढा त्यामुळंच वाईट दिसताहेत. त्या काढायचं काही कारण नाही. स्वच्छ करू, पुढचं बाळंतपणानंतर बघू. पण ही शेवटची कुजली आहे, मुळाशी पू धरला आहे. ही बाळंतपणापर्यंत ठेवणं बरं नाही. मी तर म्हणेन, हीच एक काढून टाकू, आणि त्याला हाच काळ चांगला आहे."

मामा मागं उभे होते. त्यांनी बोटांवर हिशेब केला. तीन, शून्य, एक. त्यांचा चेहरा असा उजळला, जसा दिवसभर अडलेला ढीग सुटल्यावर उजळत असेल. तरी मधेच त्यांनी आपला दात पुढं केलाच. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून बघितला. "आजोबा, हा केव्हाच काढायला हवा होता."

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळे बारीक केले. "तिघांचा एकच भाव. मिलीभगत," ते माझ्या कानाशी कुजबुजले आणि शिट्टी वाजली.

"मग, काढायची का आज?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

मी सवयीनं मामांकडं बघितलं. ते व्हय म्हणाले असते तर मी मान हलवली असती. न्हाई म्हणाले असते तरी हलवली असती.

"माझ्याकडं काहून बघून राहिल्या?" मामा म्हणाले. "मी आडत्या. बोल्या आणून द्यायचं काम माझं. माल तुमचा हाय."

आणि मग मामांनी भर दवाखान्यात खांद्यावरची दस्ती काढली. दस्ती म्हणजे तिकडं खांद्यावर टाकतात तो मोठा रुमाल. जुन्या काळी मोंढ्यात भाव तोंडानं बोलत नसत, रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबून ठरवत. मालाच्या मालकानं हात दाबल्याशिवाय कितीही मोठा व्यापारी असला तरी पोत्याला हात लावू शकत नसे. मामांनी माझ्या हातावर दस्ती पसरली आणि खालून आपला हात माझ्या हातात दिला. "दाबला तर व्हय. न्हाई दाबला तर बसनं घरी जाऊ. कुणी काही म्हणणार न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात बरेच पेशंट बघितले असतील, पण असा प्रकार बघितला नसावा. त्या हातात आरसा धरून तशाच उभ्या राहिल्या.

मी हात दाबला नाही. आधी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. शिकलेल्या माणसाला उलटं विचारण्याची माझी ती पहिलीच वेळ. "यानं माझ्या बाळाला काही होईल का?"

त्या माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "जागा बधिर करायचं इंजेक्शन देईन, या महिन्यात ते चालतं. पू तसाच ठेवण्याची मला जास्त काळजी वाटते. पण तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांशी मी आधी बोलते. त्या नको म्हणाल्या तर नाही काढणार." आणि त्यांनी खरंच तिथून फोन लावला, माझ्यासमोर बोलल्या, मागचं सगळं सांगितलं. पलीकडून होकार आला. मामांना हे फार आवडलं. न मागता चौथी बोली मिळाली होती.

मी डोळे मिटले आणि दस्तीखाली मामांचा हात दाबला.

"सौदा पक्का," मामांनी ललकारी दिली. तीस-चाळीस वर्षं मोंढा गाजवलेला आवाज तो. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटमधला एक जण उठला आणि पायऱ्या उतरून निघून गेला, तो परत आलाच नाही.

दाढ काढेपर्यंत मामांनी हात सोडला नाही. खरं म्हणजे मीच सोडू दिला नाही. दुखत फारसं नव्हतं, पण आतून करकर असा आवाज आला की मी घाबरून हात आवळायची, आणखी आवाज आला की आणखी जोरानं. मामांनी आधी सोसलं. मग कळवळून म्हणाले, "बाई, जरा दमानं. इतकी बोली मोंढ्यात अजून कुणी चढवली न्हाई." डॉक्टरीणबाईंना इतकं हसू आलं की त्यांना पक्कड बाजूला ठेवून थांबावं लागलं. तोंड उघडं असताना हसता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. हसण्याच्या त्या गडबडीत दाढ कधी निघाली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण मामांनी ती दाढ मागून घेतली. कागदाच्या पुडीत बांधून घरी आणली. दोन दिवसांनी माझी सूज उतरली, मी जेवायला लागले, यजमान मामांच्या पाया पडून आले. तरी मामांना चैन नव्हती. दाढ आतून खरंच कुजकी होती का, हे अजून कुणी मोडून बघितलं नव्हतं. त्यांनी ती अंगणातल्या फरशीवर ठेवली आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन तिच्यावर हाणला. दाढ फुटली नाही. ती टणकन उडाली आणि मामींनी वाळत घातलेल्या ज्वारीत जाऊन पडली.

मामींना रागावलेलं मी त्या एकदाच बघितलं. त्यांनी चाळण आणून मामांच्या पुढ्यात ठेवली. मामा दुपारभर उन्हात बसून ज्वारी चाळत होते. संध्याकाळपर्यंत एक खडा, एक बटण आणि एक शेंगदाणा सापडला. दाढ सापडली नाही. ती ज्वारी मामींनी कोंबड्यांना घातली आणि पुढचे कितीतरी दिवस मामा कोंबड्यांकडं संशयानं बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या गावच्या तरुण डॉक्टरांना निकाल सांगायला गेले. "तुमच्या तीनांतली एक बराबर निघाली," त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं. डॉक्टरही चांगले होते. ओशाळून हसले आणि म्हणाले, "मी जरा घाईच केली, मामा." मामा म्हणाले, "पयल्या बोलीला घाई असतीच."

मुलगी झाली. चांगली ठणठणीत, रडली तेव्हा दवाखान्याच्या वरच्या मजल्यापर्यंत आवाज गेला. मामांनी नर्सला विचारलं, पोरगी ना? मग आयाला विचारलं. मग मामींना आत पाठवलं. तिघींनीही पोरगीच सांगितली तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी मिलीभगतीचा संशय घेतला नाही. हातातली दस्ती डोळ्यांना लावून ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

पोरगी मामांच्याच अंगाखांद्यावर वाढली. त्यांना आजोबा म्हणायची. सहा-सात वर्षांची झाली तेव्हा तिचा पुढचा दात हलायला लागला. मामांचा तर हलतच होता. ओट्यावर समोरासमोर बसून दोघं आपापले दात जिभेनं ढकलून एकमेकांना दाखवायचे. कुणाचा जास्त हलतो यावर मामा येणाऱ्याजाणाऱ्याचं मत घ्यायचे. एका सकाळी तिचा भाकरीत निघून आला. ती तो तळहातावर घेऊन धावत खाली गेली.

"आजोबा, काहीच दुखत नाही," ती म्हणाली. "तुमचा पण काढून टाका ना आता."

मी जिन्यातून बघत होते. मामांनी तिच्या तळहातावरचा दात बोटानं उलटा करून बघितला. मग उठले, टोपी घातली, दस्ती खांद्यावर टाकली आणि निघाले.

"मामा, कुठं?"

"दात काढायला."

"नांदेडला?"

"न्हाई. गावातल्याच डागदराकडं. डागदरांत त्यानंच पयल्यांदा सांगितलं व्हतं."

मी दोन पायऱ्या खाली उतरले. "आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही?"

मामांनी मागं वळून बघितलं. "हिच्यापायी तीन गावं हिंडलो, बाई. आता ही सांगून राहिली तर अजून कुणाला इचारू?"

तासाभरानं परत आले. तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळं बोलता येत नव्हतं. पोरीच्या हातावर दस्ती पसरली, खाली आपला हात घातला आणि दात तिच्या मुठीत दिला. ती पळत तिचा आणि त्यांचा, असे दोन्ही दात घेऊन माडीवर आली. मला उगाच भरून आलं. मी खाली मामींकडं जाऊन बसले.

मामींनी त्यांच्यासाठी मऊ भात कालवला होता, वर पातळ वरण. जेवायच्या वेळी मामांनी बोळा काढून टाकला, पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मीठ बराबर हाय का, हे त्यांनी ना मला विचारलं, ना शेजारच्या काकूंना हाक मारली. खाली मान घालून सगळं ताट संपवलं. मग मामींनी आपल्यासाठी वरण वाढून घेतलं, चाखलं आणि माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी त्या मीठ घालायलाच विसरल्या होत्या.

आम्ही दोघींनीही त्यांना ते सांगितलं नाही.